दारावरची घंटा आणि सोळा वाढपी

१९९६ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सॅन दिएगो येथे युनिक्सवर काम करणाऱ्या अभियंत्यांची परिषद भरली. तिथे मांडल्या गेलेल्या जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांच्या निबंधात एक साधा प्रयोग होता. अल्फा प्रोसेसर असलेला डिजिटल इक्विपमेंट कंपनीचा एक संगणक दोन नेटवर्कांच्या मध्ये ठेवलेला. एकीकडून आलेले पॅकेट तपासायचे आणि दुसरीकडे धाडायचे, एवढेच त्याचे काम. पॅकेटांचा ओघ हळूहळू वाढवत नेला. सेकंदाला २,००० पर्यंत यंत्राने साथ दिली. ओघ त्यापुढे गेला तेव्हा पलीकडे पोचणाऱ्या पॅकेटांची संख्या तिथेच थांबायला हवी होती. ती उलट घटू लागली. सेकंदाला ६,००० च्या आसपास पॅकेटे येऊ लागली तेव्हा पलीकडे एकही पोचेना.

यंत्र बंद पडले नव्हते. त्याचा प्रोसेसर एक क्षणही रिकामा नव्हता. तो पूर्ण जोमाने काम करत होता आणि त्या कामातून काहीही निष्पन्न होत नव्हते. रामकृष्णन यांनी या अवस्थेला काही वर्षांपूर्वीच नाव दिले होते : रिसीव्ह लाइव्हलॉक. दोन कामे एकमेकांसाठी अडून बसतात आणि सगळे ठप्प होते, त्याला संगणकशास्त्रात डेडलॉक म्हणतात. हा त्याचा चुलतभाऊ. इथे ठप्प काहीच होत नाही, सगळे धावत असते. मराठीत याला जिवंत कोंडी म्हणता येईल.

आज आपण पाठवलेला प्रत्येक संदेश, प्रत्येक चित्र, बँकेचा प्रत्येक व्यवहार अशा अनेक यंत्रांच्या हातून पुढे जातो. ही यंत्रे मंदावतात तेव्हा आपण म्हणतो, ‘नेट स्लो आहे.’ ती का मंदावतात आणि दोष कसा हुडकायचा, हे शोधण्यात अभियंत्यांची अर्धशतकाहून अधिक वर्षे गेली. या शोधाची कथा वेगवान यंत्रांची असेल असे वाटते. प्रत्यक्षात ती कामाच्या वाटणीची कथा आहे.

टपालाची जुनी युक्ती

पॅकेट पुढे धाडणे म्हणजे काय, ते आधी पाहू. इंटरनेटवरून जाणारा मजकूर लहान तुकड्यांत कापला जातो. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो, तेच पॅकेट. वाटेतला राउटर पत्ता वाचतो, पुढचा टप्पा कोणता ते तक्त्यात शोधतो, पॅकेट किती टप्पे फिरले याचा आकडा एकने बदलतो आणि ते योग्य तारेच्या रांगेत ठेवतो. रेल्वेच्या डाकडब्यात उभ्याउभ्या पत्रे छाटणारा कर्मचारी हेच करत असे. काम अवघड नाही. अडचण आहे ती ते किती वेळात करायचे, याची.

१९६९ साली अर्पानेटचे पहिले जोडबिंदू उभे राहिले तेव्हा या कामासाठी स्वतंत्र संगणक ठेवले होते. बीबीएन या कंपनीने हनीवेलचे डीडीपी-५१६ हे यंत्र त्यासाठी घडवून घेतले होते. तारेचा वेग सेकंदाला ५०,००० बिट. हजार बिटांचे पॅकेट तारेवरून पूर्ण यायला २० मिलिसेकंद लागत. तेवढ्या वेळात ते यंत्र आपल्या स्मृतीला वीस हजार वेळा हात लावू शकत होते. म्हणजे एका पत्रामागे छाटणाऱ्याला भरपूर सवड होती.

आजचे गणित करून पाहा. सेकंदाला १० अब्ज बिटांच्या इथरनेट तारेवर सर्वांत लहान, ६४ बाइटांची पॅकेटे ओळीने आली, तर सोबतची खूण आणि दोन पॅकेटांमधली सक्तीची मोकळी जागा धरून सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटे होतात. एकेका पॅकेटाच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद येतात. ३ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरला त्यात जेमतेम दोनशे ठोके मिळतात. मुख्य स्मृतीतून एखादी नोंद आणायची तर तेवढाच किंवा त्याहून जास्त वेळ जाऊ शकतो. वीस हजार वेळा हात लावायची सवड होती, तिथे आता एकदा हात लावायचीही मारामार आहे.

घंटेचा जन्म

संगणकाला बाहेरून काही येत आहे हे कळायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे त्याने सतत दारात जाऊन पाहायचे. याला पोलिंग म्हणतात. दुसरा म्हणजे दारावर घंटा बांधायची. कोणी आले की घंटा वाजेल, प्रोसेसर हातातले काम टाकून येईल, पाहुण्याला आत घेईल आणि पुन्हा आपल्या कामाला लागेल. हा इंटरप्ट. १९५० च्या दशकात ही कल्पना यंत्रांत उतरली तेव्हा ती मोठी सोय ठरली. संगणक महाग होते आणि कार्डवाचक, छपाईयंत्रे, चुंबकीय फिती अतिशय मंद. मंद पाहुण्यासाठी महागड्या यजमानाला दारात ताटकळत ठेवणे परवडणारे नव्हते.

पुढे युनिक्ससारख्या प्रणाली याच घंटेभोवती रचल्या गेल्या. टर्मिनलवर बसलेला माणूस सेकंदाला पाच-सात अक्षरे टंकतो. चकतीला मजकूर शोधायला कित्येक मिलिसेकंद लागतात. शिवाय चकती मागितल्याशिवाय काही देत नाही. नेटवर्क मात्र न मागता येते, हवे तितके येते आणि थांब म्हटले तर लगेच थांबत नाही. अशा पाहुण्यासाठी हे घर बांधलेलेच नव्हते.

ज्यांचे काम फक्त पॅकेटांचेच होते, त्यांच्या हे लवकर ध्यानात आले होते. अर्पानेटची यंत्रे तोकडी पडणार हे दिसू लागल्यावर बीबीएनच्या फ्रँक हार्ट, सेव्हेरो ऑर्नस्टीन आणि विल क्राउथर प्रभृतींनी १९७३ साली एका नव्या यंत्राचा आराखडा मांडला. त्याचे नाव प्लुरिबस. एक वेगवान प्रोसेसर घेण्याऐवजी त्यांनी चौदा साधे प्रोसेसर एकत्र जोडण्याचे ठरवले. आज ज्याला आपण मल्टी-कोअर म्हणतो, त्याचा हा पॅकेटांच्या क्षेत्रातला पूर्वज.

प्लुरिबसची सर्वांत मार्मिक गोष्ट म्हणजे त्यात नेहमीची घंटा नव्हती. काम छोट्या छोट्या पट्ट्यांत कापलेले असे. एक पट्टी मायक्रोसेकंदांच्या काही शतकांत संपे. कोणते काम बाकी आहे याची यादी एका स्वतंत्र जोडयंत्रात राही. प्रोसेसरने हातातली पट्टी संपवायची, यादीकडे पाहायचे, सर्वांत निकडीचे काम उचलायचे. मधेच कोणी कोणाचे काम तोडायचे नाही. कोणतेही काम कोणत्याही प्रोसेसरने करावे, म्हणजे एखादा बिघडला तरी बाकीचे चालवून नेतील. १९७० च्या दशकातच ही यंत्रे अर्पानेटवर कामाला लागली.

मग हा धडा सर्वत्र पसरला का? नाही. त्याचे कारण अर्थकारणात आहे. खास घडवलेली यंत्रे महाग होती आणि सर्वसामान्य संगणक झपाट्याने स्वस्त होत होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचे जाळे १९८६ साली उभे राहिले ते ५६ किलोबिटांच्या तारांवर आणि डेव्हिड मिल्स यांच्या ‘फझबॉल’ या आज्ञावलीवर चालणाऱ्या छोट्या संगणकांवर. १९८८ साली त्याचा वेग दीड मेगाबिट झाला. तेव्हा प्रत्येक ठाण्यावर साधारण नऊ आयबीएम आरटी संगणक एकत्र बांधून एक राउटर केला होता आणि त्यांच्यावर युनिक्सचाच एक अवतार चालत होता. काम वाढले तर यंत्रे वाढवा, हा उपाय तेव्हाही सुचत होता. पण प्रत्येक यंत्राच्या आत घंटा तीच होती.

यजमानाची दमछाक

आता सॅन दिएगोच्या निबंधाकडे परत येऊ. मोगल आणि रामकृष्णन यांनी दाखवलेली कोंडी आपल्याकडच्या लग्नघराच्या दाखल्याने चटकन कळते. घरात यजमान एकटाच. दारावर पाहुणा आला की हातातले पातेले ठेवून त्याने धावत जावे, नमस्कार करावा, पाहुण्याला ओसरीवर बसवावे आणि वाढायला वळावे. तोच पुन्हा घंटा. पाहुणे थोडे असतील तर सगळे सुरळीत चालते. घंटा अखंड वाजू लागली की यजमान दारातच अडकतो. ओसरी भरून जाते. नंतर आलेल्यांचे आगतस्वागत होते, पण बसायला जागा नाही म्हणून त्यांना परत पाठवावे लागते. पानावर कोणाच्याच काही पडत नाही.

त्या संगणकात नेमके हेच घडत होते. इंटरप्टला सर्वांत वरचा मान. तो आला की बाकी सगळे थांबणार. प्रत्येक पॅकेट कार्डावरून उचलले जाई, त्याची नोंद होई, ते आतल्या रांगेत ठेवायला नेले जाई. रांग भरलेली असल्यामुळे तिथे ते टाकून दिले जाई. टाकून देण्यापूर्वी त्याच्यावर खर्चलेले श्रम वाया. पॅकेट टाकणे हा गुन्हा नव्हे; इंटरनेट ते गृहीतच धरते. पण टाकायचेच असेल तर दाराबाहेर टाकावे, आत आणून, बसवून, मग नव्हे. उशिरा टाकलेले पॅकेट सर्वांत महाग पडते.

त्यांचा उपाय असा : पहिला पाहुणा आला की घंटा वाजू द्यायची आणि लगेच घंटेची दोरी काढून घ्यायची. मग यजमानाने स्वतः दारात जाऊन ठरावीक संख्येने पाहुणे आत घ्यावेत, त्यांचे जेवण पूर्ण करावे, मगच पुन्हा दारात यावे. दार रिकामे दिसले की दोरी परत बांधावी. मधल्या काळात गर्दी झालीच तर नेटवर्क कार्डावरची छोटी जागा भरेल आणि जास्तीची पॅकेटे तिथल्या तिथे गळतील. प्रोसेसरला त्याची झळ लागणार नाही. असे बदल केल्यावर ओघ कितीही वाढला तरी यंत्राची कामगिरी आपल्या शिखरावर टिकून राहिली.

यात एक बारकावा आहे. घंटा वाईट आणि फेरी चांगली, असे ते म्हणाले नाहीत. ओघ कमी असताना घंटाच बरी, कारण उगाच फेऱ्या पडत नाहीत. ओघ जास्त असताना फेरी बरी. यंत्राला दोन्ही यायला हवे आणि कधी काय करायचे ते कळायला हवे.

पाच वर्षांनी, २००१ साली, लिनक्ससाठी हेच काम जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझनेत्सोव्ह यांनी केले. ओल्सन स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातले. साध्या संगणकांचे राउटर करून ते तिथे खरोखर वापरात आणत होते. लिनक्समधल्या या रचनेला ‘नापी’ म्हणतात आणि ती आजही चालू आहे. तिच्यात प्रत्येक फेरीला मर्यादा असते : एका कार्डाकडून साधारणपणे एका वेळी ६४ पॅकेटे, एकूण फेरीत ३००. मर्यादा संपली आणि दारात अजून गर्दी असली, तर तशी नोंद करून ठेवायची आणि पुढच्या फेरीला उभे राहायचे. जगातल्या असंख्य सर्व्हरांवर ही नोंद वाढताना पाहूनच दुरुस्ती करणाऱ्यांना आज कळते की यजमानाला वेळ अपुरा पडतो आहे.

सोळा वाढपी, एक पान

२००४ च्या मे महिन्यात इंटेलने आपल्या पुढच्या पेंटियमचा आराखडा रद्द केला. ठोक्यांचा वेग वाढवत नेला तर चिप इतकी तापते की तो वेग परवडत नाही, हे स्पष्ट झाले होते. तोवरचा शिरस्ता असा होता की आज मंद चालणारी आज्ञावली दोन वर्षांनी आपोआप वेगाने चालायची. तो शिरस्ता मोडला. यापुढे वेग मिळणार होता तो अधिक कोअरांतून. म्हणजे एक चपळ वाढपी मिळायचा नाही, त्याच चपळाईचे चार, आठ, सोळा मिळतील. इकडे तारेचा वेग थांबला नव्हता. १० गिगाबिट इथरनेटचे मानक २००२ सालीच आले होते.

जीन अॅमडाल यांनी १९६७ सालीच इशारा देऊन ठेवला होता की कामाचा जो भाग वाटता येत नाही, तो सगळ्यांना मागे खेचतो. कामाचा दहावा हिस्सा जरी एकट्यानेच करण्याजोगा असेल, तर सोळा कोअर मिळूनही वेग सोळापट होत नाही, ६.४ पट होतो. पॅकेटांच्या कामात तर याहून मोठी अडचण निघाली.

वरवर पाहता पॅकेटे स्वतंत्र असतात. पहिले पहिल्या कोअरला द्या, दुसरे दुसऱ्याला, अशी पत्त्यांसारखी वाटणी का करू नये? याचे उत्तर वेगळ्याच एका अपघातात आहे. १९८६ च्या ऑक्टोबरात बर्कलीच्या परिसरात, जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला इंटरनेटचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. पाठवणारे संगणक, उत्तर आले नाही म्हणून तेच तेच पुन्हा पाठवत होते आणि कोंडी वाढवत होते. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यावरचा उपाय मांडला : पॅकेट हरवले की कोंडी झाली असे समजा आणि हात आखडता घ्या. पुढच्या काही वर्षांत हरवण्याची खूणही ठरली. मधला तुकडा न येता पुढचे येत राहिले आणि त्यामुळे तीच पोचपावती तीनदा जादा आली, तर तुकडा हरवला असे धरायचे. या नियमाने इंटरनेट तगले. पण त्याचा अर्थ असाही झाला की वाटेतल्या यंत्राने पॅकेटांचा क्रम उलटासुलटा करू नये. केला, तर काही न हरवताही पाठवणारा घाबरून वेग कमी करतो.

म्हणून मल्टी-कोअर यंत्रांत वाटणी पॅकेटांची होत नाही, संवादांची होते. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, त्यांच्या पोर्टांचे क्रमांक यांवर कार्ड एक गणित करते आणि त्या उत्तरानुसार पॅकेट कोणत्या रांगेत जाणार हे ठरते. प्रत्येक रांगेला एक कोअर. एका संवादाची सगळी पॅकेटे एकाच रांगेत, त्यामुळे क्रम शाबूत. मायक्रोसॉफ्टने पुढे आणलेली ही पद्धत ‘रिसीव्ह-साइड स्केलिंग’ म्हणून ओळखली जाते. ज्या कार्डांना एकच रांग असते त्यांच्यासाठी गूगलमधील टॉम हर्बर्ट यांनी हीच वाटणी आज्ञावलीतून करण्याची सोय २०१० साली लिनक्समध्ये आणली.

आता दोष कसा दडतो ते पाहा. समजा, सोळा कोअरांचा एक सर्व्हर राउटर म्हणून लावला आहे. पॅकेटे गळत आहेत, तक्रारी येत आहेत. देखरेख करणारा पडद्याकडे पाहतो तर प्रोसेसरचा एकूण वापर सहा टक्के. तो म्हणतो, यंत्र तर झोपले आहे, दोष तारेत असणार. तारा बदलतात, कार्ड बदलतात, गळती तशीच. कारण सोळांपैकी एक कोअर शंभर टक्के दमलेला आणि पंधरा बसून असतील, तर सरासरी सव्वासहाच येते. सरासरीने काहीही खोटे सांगितले नाही. जे सांगायला हवे होते तेवढे फक्त झाकले.

एकेका कोअरचा वापर सुटा मांडला की चित्र उघडे पडते. मग पाहायचे की कार्डाच्या घंटा कोणत्या कोअरवर वाजत आहेत. लिनक्स याचा हिशेब एका तक्त्यात ठेवतो. बरेचदा सगळ्या घंटा पहिल्याच कोअरवर बांधलेल्या निघतात. कधी रांगा सोळा असतात, पण सगळी वाहतूक दोन कचेऱ्यांना जोडणाऱ्या एका सांकेतिक बोगद्यातून येत असते. आत हजार संवाद असले तरी बाहेरच्या वेष्टनावर पत्त्यांची एकच जोडी. कार्डाच्या गणिताला तो एकच संवाद वाटतो आणि एकाच वाढप्याच्या माथी सगळी पंगत येते. पंधरा वाढपी हात बांधून उभे, कारण त्यांच्या वाट्याचे पानच मांडलेले नाही.

काम वाटले गेले तरी दोष संपत नाही. दोन प्रोसेसर-चिपांच्या सर्व्हरमध्ये प्रत्येक चिपची स्मृती वेगळी असते. कार्ड एका चिपला जोडलेले आणि पॅकेट हाताळणारा कोअर दुसऱ्या चिपवर असला, तर प्रत्येक घासासाठी त्याला दुसऱ्या घरात जावे लागते. आणखी एक दोष तर हिशेबाचा आहे. किती पॅकेटे गेली हे मोजणारा एकच आकडा सगळ्या कोअरांनी वाढवायचा असेल, तर तो आकडा ज्या स्मृतीच्या तुकड्यात आहे तो तुकडा एका कोअरकडून दुसऱ्याकडे सारखा फिरत राहतो. सोळा कारकून आणि एकच चोपडी. प्रत्येक जण चोपडी हाती येण्याची वाट पाहतो. म्हणून आता प्रत्येक कोअरला आपली चोपडी देतात आणि बेरीज कोणी विचारली तरच करतात. चार कोअर होते तेव्हा जेवढे काम होत होते, सोळा केल्यावर त्याहून कमी झाले, अशा चमत्कारिक तक्रारींच्या मुळाशी बहुधा अशी एखादी सामाईक चोपडी सापडते.

स्वस्त यंत्राचा हट्ट

इथे एक प्रश्न रास्त आहे. एवढा खटाटोप कशासाठी? याच कामासाठी घडवलेल्या चिपांचे राउटर बाजारात मिळतात. ते घ्यावेत.

मोठ्या कंपन्या तेच करतात. पण तशा पेट्या महाग असतात आणि आतून बंद असतात. नवी कल्पना सुचलेल्या संशोधकाला, छोट्या सेवापुरवठादाराला किंवा विद्यापीठाला त्यांच्या आत हात घालता येत नाही. पॅकेटांचे काय करायचे हे ठरवण्याची मोकळीक मूठभर उत्पादकांकडे राहावी की कोणालाही मिळणाऱ्या सर्व्हरवर ते करता यावे, हा प्रश्न या खटाटोपामागे होता.

२००९ साली ‘राउटब्रिक्स’ या प्रकल्पाने त्याचा कस लावला. स्वित्झर्लंडमधील लोझानचे तंत्रविद्यापीठ आणि बर्कली येथील इंटेलची प्रयोगशाळा यांतल्या संशोधकांनी चार साधे सर्व्हर जोडून एक राउटर केला आणि सेकंदाला ३५ अब्ज बिटांची वाहतूक त्यातून नेली. या चमूत सिल्व्हिया रत्नसामी होत्या. त्यांची अभियांत्रिकीची पदवी पुणे विद्यापीठाची. त्यांच्या निबंधात दोन नियम ठळकपणे आले : एका रांगेला एकच कोअर हात लावील आणि एक पॅकेट आरंभापासून अखेरपर्यंत एकाच कोअरच्या हातून जाईल. त्याला जोड मिळाली थव्याने काम करण्याची. एकेक पॅकेट घेऊन जाणारा सर्व्हर लहान पॅकेटांवर सेकंदाला सुमारे दीड अब्ज बिट हाताळत होता. एका फेरीत अनेक पॅकेटे उचलू लागल्यावर तो पाच अब्जांवर गेला आणि कार्डाशी होणारा व्यवहारही थव्याने केल्यावर पावणेदहा अब्जांच्या आसपास पोचला. यंत्र तेच, कोअर तेवढेच. वाढपी एका पानासाठी स्वयंपाकघरात जात होता, तो आता भरल्या पातेल्यानिशी निघू लागला.

तीन वर्षांनी इटलीतल्या पिसा विद्यापीठाच्या लुइजी रिझ्झो यांनी ‘नेटमॅप’ मांडले. त्यांनी विचारले की दोनशे ठोके नेमके जातात कुठे? पत्ता शोधण्यात नव्हे, असे उत्तर निघाले. ते जातात प्रत्येक पॅकेटासाठी नवी जागा मागण्यात, ती परत करण्यात, एकीकडून दुसरीकडे नक्कल करण्यात, प्रणालीच्या दारावर परवानगी मागण्यात. हे सोपस्कार काढून टाकल्यावर ९०० मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या एकाच कोअरने १० गिगाबिटची तार पूर्ण भरून दाखवली : सेकंदाला तीच १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटे. सॅन दिएगोच्या निबंधात १० मेगाबिट तारेची कमाल मर्यादा होती १४,८८०. आकडा बरोबर हजारपट झाला होता आणि त्याला पुरा पडणारा कोअर मुद्दाम मंद ठेवलेला होता.

मुंबईच्या आयआयटीतून १९८१ साली बाहेर पडलेले जॉर्ज व्हर्गिस यांनी नेटवर्क यंत्रांच्या कार्यपद्धतीवर एक ग्रंथ लिहिला आहे. त्यातल्या तत्त्वांच्या यादीत पहिलेच तत्त्व आहे : उघड दिसणारी उधळपट्टी टाळा. वाचताना ते बाळबोध वाटते. पण उधळपट्टी उघडी पडण्यासाठी कोणीतरी जाऊन मोजावे लागते, हे या इतिहासात पुनःपुन्हा दिसते.

पलीकडे किती पोचले?

प्लुरिबसपासून राउटब्रिक्सपर्यंतचे उपाय ओळीने मांडले तर ते फारसे वेगळे नाहीत. हातातले काम मधेच तोडू नका. झेपणार नसेल ते दाराबाहेरच थांबवा. थव्याने उचला. दोघांनी एकाच वस्तूला हात लावावा लागेल अशी वाटणी करू नका. १९७३ च्या आराखड्यात यांतला पहिला नियम स्पष्ट होता. तो सर्वसामान्य संगणकांत यायला वीस-पंचवीस वर्षे लागली, कारण ती यंत्रे वेगळ्या पाहुण्यांसाठी बांधलेली होती आणि तोवर वाढता वेग प्रत्येक उधळपट्टी झाकून टाकत होता. वेग वाढायचा थांबला तेव्हाच कामाच्या वाटणीकडे नीट पाहिले गेले.

आज अनेक ठिकाणी पॅकेटांची यंत्रे ‘डीपीडीके’ या पद्धतीने चालतात. तिच्यात घंटा जवळजवळ हद्दपार आहे. नेमून दिलेला कोअर अहोरात्र दारात उभा राहून पाहतो, पाहुणा असो वा नसो. त्यामुळे अशा कोअरचा वापर नेहमीच शंभर टक्के दिसतो. मध्यरात्री एकही पॅकेट येत नसतानाही शंभर आणि सणाच्या दिवशी तार भरून वाहत असतानाही शंभर. विजेचे बिल आणि उष्णता हा त्याचा मोबदला, आणि म्हणूनच लिनक्समधील पुढच्या प्रयत्नांनी घंटा आणि फेरी यांचा मेळ पुन्हा जवळ केला आहे.

१९९६ च्या त्या संगणकाचा प्रोसेसरही शंभर टक्के व्यग्र होता आणि त्याच्या हातून एकही पॅकेट पुढे जात नव्हते. सोळा कोअरांचा सर्व्हर सहा टक्के व्यग्र होता आणि तोही पॅकेटे गाळत होता. व्यग्रतेचा आकडा कामाचे माप म्हणून कधीच भरवशाचा नव्हता. दुरुस्तीला बसलेल्या जाणत्या माणसाने आधी पाहायचे ते दोनच आकडे : अलीकडे किती आले आणि पलीकडे किती पोचले. त्या दोन आकड्यांत अंतर पडले की मग एकेका कोअरकडे, एकेका रांगेकडे जाऊन विचारायचे, तुझ्या वाट्याला किती आले?